पाते, हात आणि समाधान : मराठीतील व्यवसायवाचक सुऱ्यांच्या नावांविषयी

'चाकू' हा शब्द आज प्रत्येक मराठी भाषकाला ठाऊक असला, तरी मराठी कारागिराच्या हातातला तो शब्द नव्हे. चांभाराकडे चाकू नसतो, रापी असते. न्हाव्याच्या धोकटीत वस्तरा आणि नराणी असतात, खाटकाच्या ओट्यावर सुरा व सत्तूर असतो, तांबोळ्यापुढे अडकित्ता असतो, माडावर चढणाऱ्या भंडाऱ्याच्या कमरेला कोयती असते आणि गोव्यातील रेंदेराजवळ काती असते. यांतील कोणतेही हत्यार दुसऱ्याच्या नावाने ओळखले जात नाही. चाकू म्हणजे ज्याच्या धन्याचा धंदा नावावरून कळत नाही असे पाते. तो खिशात असतो, बाजारात मिळतो, कोणाचाही असतो. त्याचे नावही बाहेरून आलेले आहे. ते मराठीत फारसीतून आले आणि फारसीत तुर्कीतून.

कापण्याची एकच क्रिया करणाऱ्या साधनांना एखाद्या भाषेने इतकी वेगवेगळी नावे का द्यावीत, हा प्रश्न वरवर केवळ कोशरचनेचा वाटतो. नावे आकारभेदामुळे आली, असे त्याचे सोपे उत्तर देता येईल आणि ते अंशतः खरेही आहे. परंतु आकारभेद तरी कशामुळे येतो, हे विचारले की प्रश्न साधनाकडून माणसाकडे वळतो. जो मनुष्य रोज तेच पाते घेऊन कामावर जातो, त्याचा त्या पात्याशी आणि त्या पात्यामार्फत कामाशी काय संबंध असतो, याची साक्ष या नावांत, त्यांच्या क्रियापदांत आणि त्यांच्या विभक्तीप्रत्ययांतही सापडते. प्रस्तुत लेखाचा विषय ही साक्ष हाच आहे.

व्यवसायातील समाधानाचा शास्त्रीय अभ्यास विसाव्या शतकात प्रश्नावलीच्या मार्गाने सुरू झाला. अमेरिकेतील रॉबर्ट हॉपॉक याने १९३५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात पेन्सिल्व्हेनियातील न्यू होप या गावातील कामकऱ्यांची पाहणी आहे. व्यवसायाची पायरी जसजशी वर जाते तसतसे समाधानही वाढते, असे त्याला दिसून आले. पुढे १९७५-७६ च्या सुमारास रिचर्ड हॅकमन व ग्रेग ओल्डहॅम यांनी पायरीचा विचार बाजूस ठेवून कामाच्या घडणीचा विचार केला. कामात कौशल्याचे वैविध्य असावे, आरंभापासून शेवटापर्यंतची वस्तू एकाच्याच हातून घडावी, त्या कामाला इतरांच्या दृष्टीने महत्त्व असावे, कसे करावे हे करणाऱ्याने ठरवावे, आणि ते बरे झाले की वाईट हे कामातूनच त्याला तत्काळ कळावे, अशा पाच गोष्टी त्यांनी मांडल्या. यांतील शेवटच्या दोन गोष्टी सुरीच्या कामात जितक्या स्पष्ट दिसतात, तितक्या क्वचितच अन्यत्र दिसतात. छेद चुकला हे कापणाऱ्याला कोणी सांगावे लागत नाही.

प्रश्नावलीची अडचण अशी की 'तुम्ही आपल्या कामाने समाधानी आहात काय' या प्रश्नाला रापी चालविणारा मनुष्य सहसा उत्तर देत नाही. दिले तरी ते विचारणाऱ्याच्या भाषेत देतो. 'कार्यसमाधान' हा शब्द परिभाषेचा आहे. कारागिराची स्वतःची भाषा याविषयी मुकी मात्र नाही. ती म्हणते, 'हात बसला'. हे दोन शब्द कौशल्य, सवय व स्वस्थता या तिन्हींना एकदम कवेत घेतात. हात बसण्यापूर्वी तो कोठे होता, हे भाषा सांगत नाही. तो अस्थिर होता एवढेच सूचित करते. वैद्याच्या 'हाताला गुण' असतो, सुगरणीच्या 'हाताला चव' असते, नवशिक्याच्या 'हाताला वळण' लागायचे असते. या सर्व प्रयोगांत कर्तृत्वाचे अधिष्ठान हात आहे, मन नव्हे.

हाताचा हा मान 'हत्यार' या शब्दातही आहे. 'हत्या' या शब्दाशी असलेल्या ध्वनिसाम्यामुळे हत्यार म्हणजे मारण्याचे साधन, अशी लौकिक व्युत्पत्ती बहुतेकांच्या मनात असते. वस्तुतः हा शब्द 'हस्त' या शब्दाच्या कुळातील मानला जातो. हिंदीतील 'हथियार' हे रूप पाहिले म्हणजे 'हाथ' त्यात उघड दिसतो. हातात धरावयाची वस्तू हा मूळचा विस्तृत अर्थ मराठीने अद्याप सोडलेला नाही. सुताराची हत्यारे म्हणजे वाकस, पटाशी, करवत. परंतु वृत्तपत्रात 'हत्यारासह अटक' असे वाचले की वाकस कोणाच्या मनात येत नाही. याच्या अगदी उलट प्रवास 'औत' या शब्दाने केला आहे. कोशकार त्याचे मूळ संस्कृत 'आयुध' या शब्दात पाहतात. आयुध रणांगणातून निघाले आणि शेतात पोहोचले. हाताची वस्तू मात्र शेतातून, सुतारशाळेतून निघून पोलिसांच्या पंचनाम्यात जाऊ लागली. खंडेनवमीला तलवारीप्रमाणेच कारागिराच्या हत्यारांचीही पूजा होते, तेव्हा हे दोन्ही प्रवास एका पाटावर येतात.

शस्त्र व अवजार यांतील ही सीमारेषा कायद्यालाही सोडवावी लागली, आणि त्याने ती वस्तूच्या रूपावर न सोडविता हेतूवर सोडविली, हे अर्थविचाराच्या अभ्यासकाला उद्बोधक आहे. भारताच्या १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने शस्त्राची व्याख्या करताना केवळ घरगुती किंवा शेतकी उपयोगाकरिता योजलेल्या वस्तू तीतून वगळल्या. उदाहरण म्हणून लाठी व चालताना वापरावयाची साधी काठी यांचा उल्लेख केला. १९६२ च्या नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याच्या सुऱ्या शस्त्रांच्या यादीत आल्या, पण घरगुती, शेतकी, शास्त्रीय किंवा औद्योगिक उपयोगाकरिता घडविलेल्या सुऱ्या तेथेही सोडल्या गेल्या. २०१६ च्या नियमांतही हाच अपवाद आढळतो. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने कोयता हा त्याच्या पात्यामुळे कोयता नाही, तर ज्या कामाकरिता तो घडला त्यामुळे आहे. गावच्या लोहाराची समजूतही याहून निराळी नसते. मात्र २०२३ च्या सुमारास पुण्याच्या वृत्तपत्रांत 'कोयता गँग' हा शब्दप्रयोग इतका रूढ झाला की, ज्यांच्या घरी कधी कोयता नव्हता अशा नागरी वाचकांच्या मनात या शब्दाचा पहिला अर्थच बदलून गेला. एखाद्या अवजाराचे नाव त्याच्या धन्याच्या हातून असे निसटते, तेव्हा ते अवजार कमरेला लावून रस्त्याने जाणाऱ्या माणसाकडे पाहण्याची नजरही बदलते.

आता नावांकडे वळावे. त्यांच्या मुळांत जो संकर दिसतो, तो धंद्यांच्या इतिहासाचाच संकर आहे. 'सुरी' संस्कृत 'क्षुरिका' या शब्दापासून प्राकृत 'छुरिआ' या वाटेने आली. 'कात्री'चे मूळ 'कर्तरी' आहे. 'नराणी' म्हणजे नखे काढण्याचे हत्यार. त्यात 'नख' आणि 'हरण' हे दोन्ही अवयव झिजून एकजीव झाले आहेत, आणि हिंदीतील 'नहरनी' शेजारी ठेवल्याशिवाय ते चटकन ओळखू येत नाहीत. 'वस्तरा' फारसीतील 'उस्तरा' होय. 'सत्तूर'ही त्याच वाटेने आला. 'अडकित्ता' कानडीचा ऋणी आहे. कानडीत 'अडके' म्हणजे सुपारी व 'कत्तरी' म्हणजे कात्री, आणि 'अडकत्तरी' हा जोडशब्द आजही त्या भाषेत चालतो. मराठी माणसाने तो घेतला, पण त्यातील सुपारी त्याला दिसेनाशी झाली. म्हणून 'सुपारीचा अडकित्ता' असे म्हणताना पुनरुक्तीचा दोष त्याला जाणवत नाही. 'कोयता' या शब्दामागे कापणे, पीक काढणे या अर्थाचा 'कोय्' हा द्राविडी धातू आहे. 'रापी'चे भाईबंद हिंदीत आहेत आणि कानडीतील 'रंपिगे'ही दूरचा नव्हे. हा शब्द कोणी कोणाकडून घेतला यापेक्षा, चामड्याचे काम करणारे लोक भाषांच्या सीमा ओलांडून परस्परांच्या किती निकट होते, ही गोष्ट येथे अधिक महत्त्वाची आहे.

नामांपेक्षा क्रियापदे अधिक बोलकी आहेत. 'कापणे' ही सर्वांची सामाईक क्रिया. तिच्याखाली चिरणे, कातरणे, तासणे, सोलणे, छाटणे, तोडणे, खुडणे, छिलणे असा मोठा परिवार आहे, आणि त्यातील प्रत्येक क्रियापद छेदाची दिशा, जाडी व परिणाम सांगते. भेंडी चिरतात, सुपारी कातरतात, लाकूड तासतात, फांदी छाटतात. चामडे कापतात हे खरे, पण रापीचे खरे काम कडा पातळ करण्याचे. तेथे चांभार चामडे तासतो. एकाच कामात कापणे कोठे संपते आणि तासणे कोठे सुरू होते हे ज्याला कळले, त्याचा हात बसला. कोशांनी नामे बऱ्यापैकी जमविली. क्रियापदांच्या या सूक्ष्म वाटण्या मात्र पुष्कळदा 'कापणे' या एका प्रतिशब्दाखाली झाकून गेल्या. १८३१ साली व नंतर वाढवून १८५७ साली निघालेल्या मोल्सवर्थच्या कोशापासून कृ. पां. कुलकर्णी यांच्या १९४६ च्या व्युत्पत्तिकोशापर्यंतच्या परंपरेबद्दल आदर बाळगूनही, कोशकाराला रापी दिसली, रापीचा हात तितकासा दिसला नाही, असे म्हणावे लागते. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ च्या 'गाव-गाडा'सारखा ग्रंथ म्हणूनच भाषाभ्यासकालाही मोलाचा वाटतो. तेथे अलुत्याबलुत्यांचे शब्द त्यांच्या कामाला चिकटलेले असतात.

विभक्तीची साक्ष याहून सूक्ष्म आहे. मराठी भाषक 'सुरीने कांदा कापला' असे म्हणतो, पण 'विळीवर कांदा चिरला' असे म्हणतो. सुरीला तृतीयेचा प्रत्यय लागतो. विळीला 'वर' हे स्थलवाचक शब्दयोगी अव्यय लागते. कारण उघड आहे. सुरीच्या कामात वस्तू स्थिर असते व पाते हलते; विळीच्या कामात पाते पाटाला जखडलेले असते आणि वस्तू हातांनी पात्यावर नेली जाते. भाषेने विळीला साधन मानले नाही, ठिकाण मानले. 'विळीने' हा प्रयोग अशुद्ध नव्हे, पण स्वाभाविक प्रयोग कोणता हे स्वयंपाकघरात कान देणाऱ्याला सांगावे लागत नाही. विळीच्या मालवणी नावाची, म्हणजे आडाळ्याची, गोष्टही हीच. कमरेला लावून बाहेर नेता येते ते पाते आणि पायाखाली दाबून घरातच वापरावे लागते ते पाते, असा हा भेद. त्याची वाटणी स्त्रीपुरुषांत कशी झाली हे निराळे सांगण्याची गरज नाही. शेतात जाणाऱ्या स्त्रीच्या हाती विळा व खुरपे असते, हा या वाटणीला असलेला मोठा अपवाद होय, आणि तेथे प्रत्ययही लगेच बदलतो : 'विळ्याने गवत कापले', 'खुरप्याने निंदले'.

दुखापतीच्या वाक्यांतही एक नियम दिसतो. 'बोटाला विळी लागली', 'पायाला कोयता लागला' या वाक्यांत पाते कर्ता होते आणि मनुष्य, किंवा त्याचा अवयव, ज्याला लागले तो होतो. कापताना मनुष्य कर्ता, चुकताना पाते कर्ता. यात दोष टाळण्याची चतुराई आहे असे कोणी म्हणेल. पण ज्याने कधी धारेचे काम केले आहे तो म्हणेल की, हात व पाते यांचा संयोग क्षणभर सुटला की पाते खरोखरच स्वतंत्र होते, आणि व्याकरणाने तेवढेच नोंदले आहे.

पाते जवळ बाळगण्याचे प्रकारही व्यवसायानुसार ठरलेले असत. न्हाव्याची धोकटी म्हणजे त्याचे दुकानच. ती काखेत मारून तो घरोघर जात असे. कोकणात व सह्याद्रीच्या उतारावर कोयता ज्या लाकडी खाचेत अडकवून कमरेला बांधतात तिला 'आकडी' म्हणतात. आकडीमुळे दोन्ही हात झाडावर चढण्यास मोकळे राहतात आणि उघडे पाते पाठीशी राहते. पेशवाईच्या दफ्तरांतील कारकूनही पात्यावाचून काम करू शकत नसे. बोरूचे टोक छाटल्याशिवाय लिहिता येत नाही, आणि त्याकरिता लागणाऱ्या लहान पात्याला फारसीत 'कलमतराश', म्हणजे कलम तासणारा, असे नाव आहे. इंग्रजीतील 'पेननाइफ' हे नावही त्याच कामातून आले. छेद कसा घेतला यावर अक्षराचे वळण अवलंबून असल्याने, चाकू हे लेखकाच्या हाताचेही अवजार होते. फळझाडाच्या 'कलमा'तही पुन्हा छेदच आहे, आणि कायद्याच्या 'कलमा'पर्यंत हा शब्द कसा पोहोचला हा एका स्वतंत्र लेखाचा विषय होईल.

धारेची निगा हा बाळगण्याचाच दुसरा भाग. निसण्यावर पाते घासणे हे धन्याचे स्वतःचे काम. पाते फार झिजले की ते लोहाराकडे 'शेवटून' आणावयाचे. लोहार लोखंडाला पाणी 'पाजतो'. तापलेले पाते पाण्यात बुडविण्याच्या या क्रियेत मराठीने पात्याला तहान दिली आहे, आणि ज्याने पाणी नीट प्यायले ते 'पाणीदार'. पुढे माणूसही पाणीदार झाला. झिजून हाताच्या आकाराची झालेली मूठ परक्याच्या हाताला बोचते. हे कोणत्याही जुन्या अवजाराविषयी खरे आहे, आणि आपले हत्यार दुसऱ्याला देताना कारागीर का कचरतो, याचे याहून निराळे कारण शोधण्याची आवश्यकता नाही.

गोव्यातील रेंदेराचे काम या सर्वांचा उत्कृष्ट नमुना होय. तो दिवसातून तीन वेळा माड चढतो. सकाळी व सायंकाळी साचलेली सूर उतरवितो, आणि दुपारी पोयीच्या टोकाचा पातळ काप काढतो. काप जाड गेला तर पोय लवकर संपते. पुरेसा न गेला तर रस वाहण्याचे थांबते. किती काढावयाचे हे कोणतेही माप सांगत नाही. कातीची धार आणि हाताचा अंदाज सांगतो, आणि निर्णय बरोबर होता की नाही हे सायंकाळी मडक्यात दिसते. हॅकमन व ओल्डहॅम यांना स्वायत्तता व परिणामाचे तत्काळ ज्ञान यांचे याहून नेटके उदाहरण मिळाले नसते. तरी रेंदेराच्या कामाचे काव्य करण्याचा मोह आवरला पाहिजे, आणि तो आवरण्यास त्याचे नावच साहाय्य करते. 'रेंदेर' हा शब्द पोर्तुगीज 'रेंदेइरु' या शब्दापासून आला, आणि त्याचा अर्थ खंडकरी असा आहे. काती त्याची असते. माड बहुधा दुसऱ्याचा असतो. भाषेने त्याला त्याच्या कौशल्यावरून नाव दिले नाही, त्याच्या देण्यावरून दिले.

तीच सावधगिरी रापीविषयीही बाळगणे अवश्य आहे. रापीचे काम कौशल्याचे आहे, त्यात वस्तू आरंभापासून शेवटापर्यंत एका हातात राहते, आणि बसलेल्या हाताचे समाधान त्यात निःसंशय आहे. परंतु ही रापी चांभाराने निवडलेली नव्हती; जातीने ती त्याच्या हाती दिली होती, आणि त्याच जातीने त्याला गावाच्या पंगतीबाहेर बसविले होते. कामातील समाधान आणि कामाने लादलेली अप्रतिष्ठा एकाच माणसात एकत्र नांदू शकतात. प्रश्नावलीला हे दोन आकडे निरनिराळे काढता येत नाहीत. संत रोहिदासांच्या प्रतिमेत रापी व चामड्याचे साहित्य भक्तीच्या चिन्हांबरोबर दाखविले जाते, तेव्हा चित्रकाराला ही गुंतागुंत अधिक कळलेली दिसते.

आतापर्यंतच्या सर्व उदाहरणांत पात्याला माणसाच्या धंद्यावरून ओळख मिळाली. ऊसतोडीत हा क्रम उलटा झाला आहे. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० च्या सुमारास उभा राहिला आणि पुढील दशकांत पश्चिम महाराष्ट्रात अशा कारखान्यांची रांग लागली. ऊस तोडण्याकरिता बीड व आसपासच्या दुष्काळी भागांतून दर वर्षी दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघू लागल्या आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परतू लागल्या. या टोळ्यांची मोजदाद मुकादम माणसांत करीत नाही, कोयत्यांत करतो. 'एक कोयता' म्हणजे नवरा व बायको यांची जोडी. नवरा ऊस तोडतो, बायको पाचट काढते, मोळ्या बांधते, डोक्यावरून त्या गाडीपर्यंत वाहते. ती स्वतःही तोडते. एकटे माणूस, मग तो पुरुष असो किंवा स्त्री, 'अर्धा कोयता'. हंगामापूर्वी मुकादमाकडून जी आगाऊ रक्कम घेतात तिला 'उचल' म्हणतात, आणि ती कोयत्यामागे ठरते. दिवस चुकला तर 'खाडा' पडतो आणि तो वसूल होतो. उचल हंगामात फिटली नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा यावे लागते.

साधनाच्या नावाने माणसे मोजणे ही लक्षणा मराठीस नवीन नाही. 'चार औतांचा शेतकरी' हा प्रयोग जुना आहे. परंतु तेथे औत शेतकऱ्याचे होते, आणि त्या संख्येने त्याची ऐपत मोजली जात होती. कोयत्यांच्या संख्येने मुकादमाची ऐपत मोजली जाते व कोयत्याचे कर्ज. शब्दाची रचना तीच, लक्षणेचा प्रकार तोच. मालकीची दिशा मात्र फिरली आहे. 'अर्धा कोयता' हा प्रयोग तर विशेष विचार करण्याजोगा आहे. अर्धा कोयता नावाची वस्तू कोणत्याही लोहाराच्या भात्यापुढे तयार होत नाही. विधवा किंवा एकटी पडलेली स्त्री पूर्ण हाताने, पूर्ण पात्याने दिवसभर तोडणी करीत असली तरी ती हिशेबात अर्धी असते. येथे संख्याविशेषण कोयत्याला लागले आहे आणि अर्थ माणसाला लागला आहे.

या कामात छेदाचे कौशल्य नाही असे मात्र नव्हे. ऊस जमिनीलगत तोडावा लागतो. वर राहिला तर वजन व उतारा दोन्ही जातात आणि खोडव्यालाही ते बाधते. शेंडा कोठे उडवावा याचाही अंदाज लागतो. हात येथेही बसतो. पण केव्हा तोडावयाचे हे कारखान्याच्या ऊसतोडणीच्या पाळीपत्रकाने ठरते, कोठे तोडावयाचे हे मुकादम ठरवितो, आणि तोडलेल्याचे काय झाले हे वजनकाट्यावर, तोडणाऱ्याच्या डोळ्यांआड ठरते. भातकापणीला सुगी म्हणतात; ऊसतोडीच्या काळाला सुगी कोणी म्हणत नाही. त्याचे नाव 'गळीत हंगाम'. ते नाव शेताच्या बाजूने पडलेले नाही, चरकाच्या बाजूने पडलेले आहे. हंगामाची सुरुवात कोयत्याने होते, पण हंगाम मोजला जातो तो गाळपाने.

खाड्याची भीती किती खोल जाते याचा प्रत्यय २०१९ साली आला. बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न त्या वर्षी विधिमंडळात गाजला आणि राज्य शासनाने चौकशीकरिता समिती नेमली. पाळीच्या वेदनेने चुकणारा दिवस हाही हिशेबात खाडाच होता, ही गोष्ट त्या चर्चेत पुढे आली. 'कोयता' या शब्दाच्या अर्थाची नोंद करताना कोशकाराला इतक्या दूर जाण्याचे कारण नाही असे वाटेल. पण जोडी हा अर्थ एकदा नोंदला की, त्या जोडीतील दुसऱ्या व्यक्तीला विश्रांती घेणे का परवडत नाही हा प्रश्न त्याच नोंदीत येऊन बसतो.

ऊसतोडणी कामगारांच्या संपाला त्यांच्या भाषेत 'कोयता बंद' म्हणतात. 'काम बंद', 'बाजार बंद' या धर्तीचाच हा समास दिसतो, पण त्यातील 'कोयता' हे पद मोजणीतील जोडीचे वाचक नाही आणि केवळ अवजाराचेही नाही. तोडणीचा दर वाढवून मिळेपर्यंत पाते उसाला लागणार नाही, असे ते सांगते, आणि कारखान्याच्या गव्हाणीत ऊस पडणे थांबते. मुकादमाच्या वहीत ज्या शब्दाने माणसे मोजली जातात, तोच शब्द या एका प्रयोगात तोडणाऱ्यांच्या स्वतःच्या क्रियेचा वाचक झाला आहे. मराठीच्या पुढील कोशात 'कोयता' या शब्दाखाली किमान चार अर्थ द्यावे लागतील : अवजार, तोडणी करणारी जोडी, उचलीचे परिमाण, आणि 'कोयता बंद' या प्रयोगातील तोडणीचे काम. वृत्तपत्रांनी रूढ केलेला गुन्हेगारी संदर्भ पाचवा म्हणून द्यावयाचा किंवा नाही, हे कोशमंडळाने ठरवावे. पहिला तो नसावा.